भेंडी किती खोल पुरायची?

"हॅलोऽऽ! पुणं का? हितं कोल्हापूर!"

रोज सकाळी आमचा पहिला चहा उकळत असताना मागच्या भिंतीपलीकडून ही आरोळी येते. आनंदामामांच्या हातात फोन असतो, फोनमध्ये त्यांची बायको असते, आणि तरीही मामा असे ओरडतात की मध्ये फोन नसता तरी चाललं असतं. पुणं लांब, म्हणून आवाजही तेवढाच मोठा लागणार, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा सांगून पाहिलं, "मामा, हळू बोललं तरी तिकडं पोचतं."

"पोचतंय हो पावणं," मामा म्हणाले, "पर वाटंत थोडं सांडतंय की. म्हणून हितनं जरा जास्ती सोडायचं."

मी मूळचा नाशिकचा. बायको सुजाता कोल्हापूरची, म्हणून कळंब्याकडच्या या कॉलनीत घर घेतलं. त्याला बरीच वर्षं झाली, तरी मामांच्या लेखी मी अजून पावणंच. मामांची आख्खी नोकरी एसटी स्टँडवरच्या कंट्रोलर केबिनमध्ये गेली. गाड्यांची घोषणा करणारा आवाज त्यांचा. ड्यूटीवर असताना हा माणूस नाकातून, अगदी छापील मराठीत बोलायचा: "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे." ड्यूटी संपून केबिनचं दार ओढलं की लगेच, "कुठं उलथला रं त्यो चहावाला?"

निवृत्तीनंतर केबिन गेली, पण घोषणा राहिल्या. कॉलनीत नळाला पाणी आलं की मामा गच्चीतून जाहीर करतात, "पाणी लागलेलं आहे! गृहिणींनी आपापल्या बादल्यांची काळजी घ्यावी!" त्यांच्या परसात भाजीचे वाफे आहेत. त्यांना ते वाफे म्हणत नाहीत, फलाट म्हणतात. फलाट नंबर एकवर भेंडी, दोनवर गवार, भिंतीकडेच्या तीनवर दोडका. टोमॅटोला फुलं यायला वेळ लागला की, "टमाटी विलंबाने धावत आहे." एकदा कारल्याचा वेल वाळून गेला. सुजातानं विचारलं, "मामा, कारल्याचं काय झालं?" मामांनी खाली मान घालून सांगितलं, "रद्द झाली."

हे परस खरं तर मालनमामींचं. मामी इथं होत्या तोवर मामांनी त्यात कुदळ धरलेली कुणी पाहिली नव्हती. मामा खुर्ची टाकून बसायचे, मामी राबायच्या आणि मधूनमधून मामांना नावं ठेवायच्या. मग पुण्यात मुलाला जुळं झालं. सुनेची नोकरी मोठी, तिला घरात विश्वासाचं माणूस हवं. मामी 'थोडे दिवस जाऊन येतो' म्हणून गेल्या. आता जुळी बालवाडीत जायला लागली आणि थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. मामांनाही मुलानं बोलावलं होतं. ते आठवडाभर राहून परत आले. म्हणाले, "अकराव्या मजल्यावर माती न्हाय पावणं. खाली बघितलं तर माणसं मुंग्यांवानी, आन् वर बघितलं तर दुसऱ्याची फरशी."

तेव्हापासून परस मामांच्या गळ्यात पडलं. आणि महाशिवरात्र झाली, थंडी सरली, उन्हाळी भाज्या लावायचे दिवस आले, की आमच्या कॉलनीत रोज सकाळी जो कार्यक्रम होतो त्याला तोड नाही.

व्हिडिओ कॉलसाठी मामांनी स्वतःच एक सोय केली आहे. कपडे वाळत घालायच्या काठीच्या टोकाला फोन रबरानं बांधायचा आणि काठी मातीत रोवायची. मग मामी बुजगावण्यासारख्या परसात उभ्या. वाऱ्यानं काठी फिरली की मामींना मामांऐवजी आमचं न्हाणीघर दिसतं. "अवो, मला हिकडं सुजाताचे टावेल दिसालेत, जरा सरळ करा की!" हे वाक्य आम्ही घरात बसून इतक्यांदा ऐकलं आहे की सुजातानं आता नवे टॉवेल आणून टाकलेत.

काठी सरळ झाली की प्रश्नोत्तरं सुरू.

"मालन, ढेकळं केवढी ठेवू? नारळाएवढी चालतील काय?"

"नारळाएवढी? तुमी भाजी लावालाय का घर बांधालाय?"

"मग लिंबाएवढी?"

"चुरा करा चुरा! हातानं चुरा! हात हायेत न्हवं, का ते बी स्टँडवर ठिवून आलाय?"

दुसऱ्या दिवशी शेणखत. मामांनी आख्खी पाटी उचलून फोनसमोर धरली. "हे कुजलंय का बघ. वास आला?"

"फोनवर वास कसा यील वो?"

"मग मी हुंगून सांगतो. तू इचार, कसला कसला येतोय ते."

यावर मामी जे बोलल्या ते पूर्ण वीस मिनिटं चाललं आणि त्यात शेणखताचा उल्लेख शेवटीच आला. मग तण काढायचा दिवस. मामांनी एका रोपाला हात घालून विचारलं, "ह्यो माठ हाय का गवत? उपटू न्हवं?"

"अवोऽऽ! तुळस हाय ती! हात काढा! आदी हात काढा!"

आणि सगळ्यात वरचा नंबर भेंडीचा. बी ओल्या फडक्यात रात्रभर भिजवून तयार. मामांनी चिमटीत धरून फोनला दाखवलं आणि गंभीरपणे विचारलं, "किती खोल पुरायची? मनगटापर्यंत का कोपरापर्यंत?"

"कोपरापर्यंत पुरा! म्हंजी तिकडं अमेरिकंत उगवंल!"

हा प्रश्न मामा दर वर्षी विचारतात. दर वर्षी मामी तितक्याच ताज्या रागानं उत्तर देतात.

कॉलनीला मामांची दया यायची. समोरच्या वकीलबाईंनी त्यांना बागकामाचे व्हिडिओ पाठवले. कोपऱ्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी फळ्यावर शिकवावं तसं वाफ्याचं चित्र काढून दिलं. मामा सगळ्यांचं मान डोलवत ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काठीसमोर उभे राहून गवारीच्या शेंगेचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते विचारायचे. सुजाता म्हणायची, "एवढा गडगडाटी माणूस, पण साधं बी ओळखता येत नाही." तरीही परस दर वर्षी हिरवंगार व्हायचं. आम्ही त्याचं श्रेय मामींच्या ओरडण्याला देत होतो.

गेल्या वर्षी सुजातानं ठरवलं की आपणही भाजी लावायची. आमच्या परसात घर बांधतानाचा राडारोडा तसाच पुरलेला. एका रविवारी दुपारी मी कुदळ घेऊन उतरलो. मी कुदळ मारायचो, कुदळ मातीला लागून तशीच परत माझ्याकडं यायची. थोड्या वेळानं माती जिथल्या तिथं होती आणि माझे हात सोलले होते.

"थांबा! थांबा पावणं! तिनं काय घोडं मारलंय तुमचं?"

मामा भिंतीवरून पाय टाकून अलीकडं आले, कुदळ माझ्या हातातून काढून घेतली आणि बाजूला ठेवली. "कोरड्या जिमनीला कोण मारतंय का असं? आज पाणी पाजा पोटभर. उद्या सांजला मी येतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. बाह्या वर केल्या, खाली बसले, मूठभर माती घेऊन दाबली. मातीचा गोळा झाला. तो गोळा त्यांनी गुडघ्याएवढ्या उंचीवरून टाकला, तो फुटून पसरला. "वापसा आला, माती बेताची ओली झाली," म्हणाले, आणि कुदळ उचलली.

पुढचं मी नुसतं बघत उभा राहिलो. कुदळ वर जात होती आणि तिच्या तिच्या वजनानं खाली येत होती, मामा तिला फक्त वाट दाखवत होते. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, एक गंजलेला नळ, सगळं बाजूला पडत गेलं. ढेकळं मुठीत यायची ती चुरा होऊनच खाली पडायची. मग शेणखत, त्यावर निंबोळी पेंड, हातानं कालवून सारखं केलं. दोरी न लावता ओढलेल्या सऱ्या इतक्या सरळ की सुजाता चहा घेऊन आली ती सरीच्या टोकाला थबकलीच. तिनं कप माझ्या हाती दिले, सऱ्यांकडं आणि मामांकडं आळीपाळीनं बघितलं आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली.

मामांनी खिशातून भिजवलेल्या भेंडीची पुडी काढली आणि बोटानं मातीत भोकं पाडू लागले. "ह्या एका पेराएवढं खोल. जास्ती न्हाय. एका जागी दोन दोन टाकायची, म्हंजी एकानं दगा दिला तर दुसरं हाय."

"पेराएवढं?" मी म्हणालो. "मामा, आज सकाळी तर तुम्ही कोपराची चौकशी करत होता."

मामांचं बोट मातीतच राहिलं. विनातिकीट सापडलेल्या प्रवाशासारखा चेहरा झाला. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला, म्हणजे दोनच घरांना ऐकू जाईल एवढा.

"कुणाला बोलायचं न्हाय पावणं. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं गाव. घरात सगळी माळवंच, भाजीपालाच करायची. मी चालाय शिकलो ते वांग्याच्या सरीत. भेंडी डोळं झाकून लावीन मी."

"मग मामींना रोज हे सगळं...?"

मामा वाफ्याच्या कडेला बसले. चहाचा कप घेतला, पण प्यायले नाहीत.

"ती गेली तवा पयल्यांदा मी बी सरळ फोन करत हुतो. जेवलीस? जेवलो. प्वारं बरी हायेत? हायेत. तुमी जेवला? जेवलो. संपलं. पुढं बोलायचं काय? चाळीस वर्सं एका घरात काढली, पर आमी कधी समोरासमोर बसून बोललोय असं न्हाय वो. ती काम करायची, मी बसायचो, ती मला बोलायची. तेच आमचं बोलणं. फोनवर ते कुठनं आणू?" त्यांनी एक घोट घेतला. "एक दिवस खरंच एका वाफ्याचा बांध फुटला, पाणी सगळं निसटालतं. ते तिला दाखवलं. अशी चिडली म्हणता! अर्धा तास बोलत हुती. मी नुसता 'बरं, बरं' म्हणत बसलो. त्या दिवशी जेवण गोड लागलं बघा."

मामांनी कप खाली ठेवला आणि उरलेलं बी पुरून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून आवाज आला, "मालन, दोडक्याला मांडव लागतोय का छत्री?" मी चहा घेऊन मुद्दाम परसात जाऊन उभा राहिलो. मामांनी माझ्याकडं बघितलं, एक डोळा मिटला आणि फोनकडं वळून भोळा चेहरा केला. मी आयुष्यात पुष्कळ नाटकं बघितली आहेत, पण एवढं मन लावून काम करणारा नट बघितला नव्हता.

हे सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात सुनेनं चांगुलपणा केला.

सून खरोखर गुणी मुलगी. रोज सकाळी सासूबाईंना ओरडताना ऐकून तिला वाटलं, दोघांनाही या वयात किती हा ताप. तिनं पुण्यात बसून कोल्हापुरातला एक माळी शोधला आणि ठरवून टाकला. मामांना कळवलं, "बाबा, आता तुम्ही काही बघू नका. तो येऊन सगळं करून जाईल. आईंनाही विचारायची गरज नाही."

मामा दिवसभर घोषणा न करता हिंडत होते. नळाला पाणी आलं आणि गेलं, कॉलनीला पत्ता लागला नाही. संध्याकाळी सुजातानं विचारलं, "बरं नाही का मामा?" तर म्हणाले, "बरं हाय की. गाडी बंद पडली नुसती."

माळी आला. चांगला होतकरू माणूस होता, खुरपं घेऊन आला होता. मामांनी त्याला आधी चहा दिला. मग खुर्ची दिली. मग कुठला, कुणाचा, ते विचारलं. तो राधानगरीकडचा निघाला. झालं. मामांनी त्याला राधानगरीच्या सगळ्या गाड्या, कुठली कुठं थांबायची, कुठल्या ड्रायव्हरनं कुठल्या वळणावर म्हैस वाचवली, हे सगळं ऐकवलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, जरा खुरपू का?" मामा म्हणाले, "बसा हो, माती कुठं पळून जातीया?" दोन-तीन फेऱ्यांत त्यानं एकही काडी उपटली नाही, आणि नंतर तो आलाच नाही. रस्त्यात मला भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, काम नको म्हणत नाही मी. पण ते मामा मला काम करूच देईनात."

मामांनी माळी तर घालवला, पण आता सुनेला काय सांगायचं? आणि मामींना पुन्हा फोन कुठल्या तोंडानं करायचा? दोन दिवस सकाळी भिंतीपलीकडं नुसता झाऱ्याचा आवाज. मला तो आवाज ऐकवेना. मामांची हकीकत मी सुजातालाही सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. ती ऐकत असतानाच तिचा फोन वाजला. मालनमामी.

सुजातानं फोन स्पीकरवर टाकला. मामी कुजबुजत होत्या. त्यांचा इतका बारीक आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता.

"सुजाता, त्यो माळी हाय का गेला?"

"गेला मामी. येत नाही आता."

"गेला न्हवं? बरं झालं बाई!" पलीकडून मोठा सुस्कारा आला. "मला सूनबाईला नको म्हणता येईना. ती आपल्या चांगल्यासाठीच करतीया. पर माळी आला म्हंजी ह्यांनी मला काय इचारायचं?"

सुजातानं माझ्याकडं बघितलं. मग हळूच विचारलं, "मामी, मामांना खरंच काही येत नाही का हो?"

मामी हसल्या. "खुळी का काय तू? अगं, मी गंगावेशीतली, शहरातली. लगीन होऊन गावाला गेलो तवा मला गवार कुठली आन् चवळी कुठली ठावं न्हवतं. सासू हसायची. ह्यांनी मला सगळं शिकवलं, रानात नेऊन, कुणाला कळू न देता. भेंडी एक पेर खोल, हे माझं बोट धरून दाखवलंय त्यांनी."

"मग रोज एवढं ओरडता कशाला?"

"ते इचारत्यात, मग वरडाय नको?" मामी म्हणाल्या. "हितं मला मोठ्यानं बोलाय कुठं मिळतंय? मी 'आलो, गेलो' म्हटलं की नातवंडं म्हणत्यात, 'आजी, आलो नाही, आले म्हण.' लहान हायेत, त्यांचा काय दोष. पर मग मी कमीच बोलतो. सकाळी ह्यांचा फोन आला की बाल्कनीचं दार लावून घेतो आन् तोंडभरून बोलून घेतो. दिवस जातो बघ त्याच्यावर."

आमच्या कोल्हापुरात बायका 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. नाशिकहून आल्यावर मलाही सुरुवातीला ते गमतीचं वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही.

"त्यांना सांगू नगंस हां," मामी म्हणाल्या. "मला ठावं हाय हे कळलं तर लाजत्याल. फोन बंद करत्याल."

आता आमच्या घरात दोन्हीकडची गुपितं येऊन बसली होती. सुजाता उठली, भिंतीपाशी गेली आणि हाक मारली, "मामा! मामींचा फोन होता. गवारीचं काय झालं विचारत होत्या. माळ्यानं वाट लावली असणार म्हणत होत्या."

पलीकडं झारा खाली ठेवल्याचा आवाज आला. काठी मातीत रोवल्याचा आवाज आला.

"हॅलोऽऽ! पुणं का? मालन, गवार उगवलीया, पर ती उलटी उगवलीया का सुलटी ते कळंना झालंय!"

"उलटी? अवो, तुमीच उलटं उभं ऱ्हायलाय का बघा आदी!"

सुजाता पदरात तोंड खुपसून आत पळाली.

पाडव्याच्या सुमाराला मामींच्या माहेरी लग्न निघालं आणि मामी चार दिवसांसाठी कोल्हापूरला आल्या. रिक्षा दारात थांबली तेव्हा मामा फाटकात उभे होते. धुतलेला शर्ट, केसांना तेल. मला वाटलं आता घोषणा होणार. कॉलनीत दोन-तीन खिडक्याही उघडल्या होत्या. पण मामांनी नुसती पिशवी घेतली आणि दोघं आत गेले.

ऊन कलल्यावर मी परसात गेलो. आमच्या भेंडीला पाणी घालायचं होतं, असं मी सुजाताला सांगितलं. तिनंही मग वाळलेले कपडे काढायचे आहेत म्हणून सांगितलं, आणि दोघंही भिंतीशी जाऊन उभे राहिलो. आज समोरासमोर गाठ पडलेली, म्हणजे फार मोठा दंगा ऐकायला मिळणार अशी आमची खात्री.

भिंतीपलीकडं दोघं वाफ्याच्या कडेला जमिनीवरच बसले होते. माठ हातभर झाला होता, दोडक्यानं मांडवाची पहिली काठी धरली होती. मामी माठ खुडून पदरात टाकत होत्या. मामा त्यांच्या बाजूला वाकून काहीतरी सांगत होते. मध्येच त्यांनी एका पानाला हात लावून दाखवलं, मामींनी मान हलवली आणि मामा पुन्हा बोलू लागले. बराच वेळ बोलत राहिले.

आम्ही दोघांनी भिंतीला कान लावले, पण एक शब्द ऐकू आला नाही.